पगारातली ती लहानशी वजावट

बँकेत असताना दरमहा पगारपत्रकावर एक लहानशी वजावट दिसे : व्यवसाय कर. आम्ही सगळेच तिच्या नावाने कुरकुरत असू. १९७५ पासून कापला जाणारा हा पैसा जातो कुठे, याची चौकशी मी फार उशिरा केली. तेव्हा वि. स. पागे भेटले, म्हणजे कागदोपत्री.

विठ्ठल सखाराम पागे यांचा जन्म १९१० चा. स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तुरुंगवास भोगला. १९६० पासून १९७८ पर्यंत ते विधान परिषदेचे सभापती होते. इतक्या मोठ्या खुर्चीत बसूनही त्यांचे लक्ष शेतमजुराच्या चुलीकडे असे. पाऊस चुकला की दुकानात धान्य असते, मजुराच्या हातात पैसा नसतो. खरी उपासमार तिथून सुरू होते, हे त्यांनी ओळखले. त्याला भीक नको, काम हवे. १९६५ साली सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात त्यांच्या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला.

मग १९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा शाळेत होतो. तांबड्या मिलोची भाकरी आणि सुकडी अनेक घरांत आजही आठवत असेल. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. कुणी खडी फोडत होते, कुणी पाझर तलावाची माती वाहत होते. त्या मजुरीने घरे तगली.

दुष्काळ सरला, पण पागे थांबले नाहीत. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. काम मागितल्यावर १५ दिवसांत मिळाले नाही, तर बेकारी भत्ता. कालपर्यंत जे सरकारचे औदार्य होते, तो आता मजुराचा हक्क झाला. बायकाही मोठ्या संख्येने कामावर आल्या. या खर्चासाठीच शहरातल्या पगारदारांवर तो व्यवसाय कर बसला होता.

पुढे हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी थकली, हेही खरेच. हक्क कागदावर आला तरी तो रोज राखावा लागतो. पागे १९९० साली गेले. त्यांची कल्पना २००५ साली संसदेच्या कायद्याने देशभर पोहोचली.

निवृत्तीनंतर जुनी पगारपत्रके फाडायला काढली होती. त्या वजावटीवर नजर गेली. एवढ्याशा पैशात उन्हात बसलेल्या कुणा बाईची संध्याकाळची भाकरी होती. कुरकुर केल्याची लाज वाटली. एक पगारपत्रक तेवढे ठेवून दिले.