पहिला नंबर आला, शिष्यवृत्ती मात्र नाही

आमच्या गल्लीतली एक मुलगी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. परवा संध्याकाळी ती कागदांनी फुगलेली फाईल घेऊन घरी आली. परदेशात पुढचं शिक्षण घेण्यासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रिका, प्राध्यापकांची शिफारसपत्रं, आणि आपल्याला पुढे का शिकायचंय हे सांगणारा दीड पानी मजकूर. दाखल्यांचं मला काही वाटत नाही. बचत गटाच्या बायकांसोबत तहसीलच्या इतक्या चकरा मारल्यात की तिथला शिपाईसुद्धा आता चहा विचारतो. पण त्या दीड पानाशी येऊन ती पोरगी अडली. स्वतःबद्दल चांगलं कसं लिहायचं, लोक काय म्हणतील, आणि एवढं करून मिळालीच नाही तर काय, असं तिचं सुरू झालं. त्यात घरून वडिलांचा सूर असा, की मिळाली तरी मुलीला एवढ्या लांब एकटीला पाठवायचं का?

मी कुकरखालचा गॅस बंद केला आणि तिला कॉर्नेलिया सोराबजीची गोष्ट सांगायला बसले. तीच आज तुम्हालाही सांगते. भारतातली पहिली महिला वकील म्हणून तिचं नाव सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत असतं. पण त्या एका ओळीच्या मागे एका न मिळालेल्या शिष्यवृत्तीची गोष्ट आहे, ती फारशी कुणी सांगत नाही.

कॉर्नेलिया आपल्या नाशिकची. जन्म १५ नोव्हेंबर १८६६चा. वडील सोराबजी खरशेटजी हे मूळचे पारशी, पण तरुणपणीच ख्रिस्ती झालेले. त्यामुळे समाजाने दूर लोटलेलं. आई फ्रान्सिना एका इंग्रज दांपत्याने दत्तक घेऊन वाढवलेली. या बाईंनी पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल काढलं. घर मुलींचं! एकीमागून एक मुली झाल्या, पण आईबापांनी त्याचं दुःख केलं नाही. सगळ्यांना शिकवलं. पुढे धाकटी अ‍ॅलिस डॉक्टर झाली, सुसीने पुण्यात शाळा चालवली. बेळगाव आणि पुणे इथे या सगळ्या भावंडांचं बालपण गेलं.

लहानपणीचा एक प्रसंग कॉर्नेलियाच्या मनात कायमचा घर करून राहिला. तिच्या आईकडे बायका आपली गाऱ्हाणी घेऊन यायच्या. त्यात एकदा एक श्रीमंत गुजराती विधवा आली. मालमत्ता मोठी, पण बाई पडद्यात राहणारी. कारभारी सांगेल तिथे सही करायची. त्याने तिच्याच सहीने तिची सगळी इस्टेट स्वतःच्या घशात घातली. कायद्याने काही करता येईना, कारण कागदावर सही तिचीच! आणि परक्या पुरुष वकिलासमोर बसून ती बिचारी काही सांगूही शकत नव्हती. अशा बायकांना मदत करायची असेल तर कायदा शीक, असं आईने या छोट्या मुलीला सांगितलं. मैत्रिणींनो, एकोणिसाव्या शतकातली ही आई! आजही किती घरांत मुलीला वकिली कर म्हणून कुणी सांगतं?

मुंबई विद्यापीठाची दारं मुलींना उघडली ती १८८३च्या सुमारास. कॉर्नेलियाने पुण्याच्या डेक्कन कॉलेजात नाव घातलं. सगळ्या वर्गात मुलगी ही एकटीच. ती वर्गाकडे येताना दिसली की मुलं तिच्या तोंडावर दार लावून घ्यायची. पण तिने काही कॉलेज सोडलं नाही. पदवी परीक्षेत ती पहिल्या वर्गात, अगदी वरच्या नंबरात उत्तीर्ण झाली आणि मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर ठरली.

याच पुण्यात, फेब्रुवारी १८८७ मध्ये, आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन येऊन काही महिन्यांतच वारल्या. एकाच शहरात एकीची वाट संपत होती आणि दुसरीची सुरू होत होती. या दोघी कधी भेटल्या का, या विचाराने मला अगदी चुटपुट लागते.

आता मुख्य गोष्ट. त्या काळी हुशार भारतीय पदवीधरांना विलायतेत शिकायला पाठवण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती होती. निकाल पाहता ती कॉर्नेलियाच्या पदरात पडायला हवी होती. पण सरकारने ती दिली नाही. अभ्यासात काही कमी पडलं नव्हतं, वय आडवं आलं नव्हतं, कागदही अपुरे नव्हते. ती मुलगी होती, एवढंच कारण. शिष्यवृत्तीचा नियम करताना बाई पहिली येईल असं कुणाच्या डोक्यातही आलं नसणार. आली, तेव्हा नियमातच बाई बसत नाही म्हणून मोकळे झाले!

आपल्यापैकी कुणी असती तर काय केलं असतं? मी तर उशीत तोंड खुपसून दोन दिवस रडले असते. मी बी.ए. झाले तेव्हा पुढे एम.ए. करायचं मनात होतं. फीचा प्रश्न आला आणि मी कुणालाही न विचारता गप्प बसले. घरातल्यांनी नाही म्हटलंच नव्हतं. मीच विचारलं नाही. ते आजही टोचतं.

कॉर्नेलिया मात्र गप्प बसली नाही. तिने अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी धरली. मुलांचं कॉलेज, आणि शिकवायला विशी-बाविशीतली साडीतली मुलगी! आणि एकीकडे विलायतेतल्या ओळखीच्या मंडळींना आपली हकीकत कळवली. तिथे मेरी हॉबहाऊस नावाच्या बाई होत्या. त्यांचे पती व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये कायदा सदस्य होते, त्यामुळे हिंदुस्थान त्यांना चांगला माहीत. या बाईंनी १८८८ साली लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून सरळ मदतीचं आवाहन केलं. अ‍ॅडलेड मॅनिंग नावाच्या दुसऱ्या बाई भारतीय विद्यार्थ्यांसाठी काम करणारी संस्था चालवत, त्याही पुढे आल्या. पैसे जमले. देणाऱ्यांत सर विल्यम वेडरबर्न होते, आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेलसुद्धा होत्या! सरकारने नाकारलेली शिष्यवृत्ती बायकांनी पुढाकार घेऊन, वर्गणी काढून उभी केली.

१८८९ मध्ये कॉर्नेलिया इंग्लंडला गेली. त्याच वर्षी आपल्या मुंबईची रखमाबाईही डॉक्टर व्हायला लंडनला गेली, तीही अशाच जमवलेल्या मदतीवर. आनंदीबाईंनी तर जाताना दागिने विकले होते. बघा ना, आपल्या बायका शिकल्या त्या अशा. कुणाच्या पाटल्या, कुणाची वर्गणी.

ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये तिला प्रवेश मिळाला. हा मुलींचा हॉल. सुरुवात इंग्रजी साहित्यापासून झाली, पण मन कायद्यातच होतं. बेलियल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट या म्हाताऱ्या, दरारा असलेल्या गृहस्थांनी तिला आपल्या पंखाखाली घेतलं. ऑल सोल्स कॉलेजच्या प्रसिद्ध कॉड्रिंग्टन ग्रंथालयात बसून वाचायची परवानगी मिळालेली ती पहिली बाई. पण परीक्षा? बीसीएल म्हणजे कायद्याची वरची परीक्षा, ती कधी कुणा स्त्रीने दिलीच नव्हती. एका परीक्षकाला बाईचा पेपर तपासायचा नव्हता. मग तिने वेगळ्या खोलीत, मुलींच्या हॉलमध्येच बसून परीक्षा द्यावी असा तोडगा निघाला. हिने तो नाकारला. मुलांबरोबर, त्याच दालनात बसणार, म्हणाली. शेवटी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला, तोही परीक्षा अगदी तोंडावर आलेली असताना. १८९२च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डमध्ये बीसीएलची परीक्षा देणारी ती पहिली स्त्री ठरली.

वर्ग मिळाला तिसरा. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण आपल्याकडे थोरामोठ्यांच्या गोष्टीत सगळे पहिलेच येतात. इतका ताण, परका देश, लोकांच्या पैशावर शिकण्याचं ओझं... आला तिसरा वर्ग. आणि पदवी? ती मिळालीच नाही. ऑक्सफर्ड बायकांना परीक्षेला बसू देत होतं, पदवी देत नव्हतं. ते दार १९२० मध्ये उघडलं, आणि कॉर्नेलियाच्या हातात पदवी पडली १९२२ मध्ये. परीक्षा दिल्यानंतर तीस वर्षांनी! तेव्हा ती पंचावन्न वर्षांची होती.

१८९३ मध्ये ती परत आली. विलायतेत शिकून आली म्हणजे वाट मोकळी, असं आपल्याला वाटतं. तसं झालं नाही. बाईला वकिलीची सनदच मिळेना. तिने मुंबईची एलएलबी परीक्षा दिली, मग अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. पास झाली, पण कोर्टाने नाव घालून घेतलं नाही. १८९६ मध्ये पुण्यात एका खून खटल्यात ती आरोपीच्या बाजूने उभी राहिली. ब्रिटिश कोर्टात बाजू मांडणारी ती पहिली स्त्री मानली जाते. पण रोजची वकिली बंदच.

मग तिने वेगळा रस्ता काढला. सरकारच्या मागे लागली, की पडद्यातल्या बायकांसाठी कायद्याचा सल्ला देणारी एक बाई नेमा. १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये तिची नेमणूक झाली. कोर्ट ऑफ वॉर्ड्स म्हणजे मालक अज्ञान असेल किंवा विधवा असेल तर अशी इस्टेट सांभाळणारं सरकारी खातं. बंगाल, बिहार, ओरिसा, आसाम असा तिचा फिरतीचा मुलूख. पुरुष अधिकारी दिवाणखान्यात बसून जायचे, ही थेट माजघरात जायची. कुणा विधवेची पोटगी अडवलेली, कुणाच्या तान्ह्या वारसाच्या जिवावर नातेवाईक टपलेले, कुठे मुलीला शिकवायला कुणी तयार नाही. सहाशेहून जास्त बायका-मुलांना तिने मदत केली असं सांगतात. लहानपणी आईच्या बैठकीत पाहिलेली ती गुजराती बाई तिला इथे पुन्हापुन्हा भेटत असणार.

अलाहाबाद हायकोर्टाने अखेर १९२१ मध्ये तिचं नाव वकिलांत घातलं. १९२३ मध्ये कायदा झाला आणि देशभरात बायकांना वकिलीची मोकळीक मिळाली. कॉर्नेलिया कलकत्त्याला प्रॅक्टिस करू लागली तेव्हा साठीला टेकली होती. तिथेही पुरुष मंडळींनी तिला कोर्टात फारसं बोलू दिलं नाही. कागदावर मत लिहून द्यायचं, उभं दुसऱ्याने राहायचं. काही वर्षांत ती लंडनला निघून गेली. इंडिया कॉलिंग हे तिचं आत्मचरित्र १९३४ मध्ये आलं. ६ जुलै १९५४ रोजी लंडनमध्येच ती वारली.

आपल्याकडे तिचं नाव मागे का पडलं, याचंही कारण सांगायला हवं. ती इंग्रजी राज्याच्या बाजूची होती. गांधीजींच्या चळवळीला तिने विरोध केला, आणि आपल्या देशाची नालस्ती करणाऱ्या कॅथरीन मेयोच्या पुस्तकाचीही बाजू घेतली. स्वातंत्र्याच्या काळात लोकांनी तिला माफ केलं नाही, आणि मलाही हे वाचताना तिचा राग आला. पण मग वाटलं, की हक्काची शिष्यवृत्ती मिळाली असती तर ती कुणाची मिंधी झाली नसती. कुणीतरी मेहेरबानीने दिलेल्या पैशावर शिकलेल्या माणसाला देणाऱ्याचं वाईट दिसत नाही. कदाचित तसं नसेलही. घरातलं वळणच इंग्रजी होतं. पण हक्काचा पैसा आणि उपकाराचा पैसा यांत फरक असतो, हे तर आपण रोजच्या घरखर्चातसुद्धा बघतो.

हे मी त्या मुलीला असंच सांगितलं. आज केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत तीस टक्के जागा मुलींसाठी ठेवलेल्या असतात. आपल्या राज्याचीही राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे. नियमात मुलगी बसते. तेव्हा अर्जात स्वतःबद्दल लिहिताना लाजायचं नाही. तीन वर्षं ती कौटुंबिक सल्ला केंद्रात येऊन बायकांचे अर्ज लिहून देतेय, तेच लिही म्हटलं. कुठल्या बाईची केस पाहून काय वाटलं, ते साध्या शब्दांत लिही. तिने खाली मान घालून लिहायला घेतलं. तिच्या वडिलांशी मी रविवारी बोलणार आहे.

जाता जाता तिला आणखी एक सांगितलं. सॉमरव्हिल कॉलेजने बीसीएल शिकायला येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली, तिला नाव कॉर्नेलिया सोराबजीचं दिलंय. पोरीने फाईलच्या मागच्या पुठ्ठ्यावर ते नाव लिहून घेतलं, आणि स्पेलिंग बरोबर आहे ना म्हणून मला दोनदा विचारलं.