श्रीशैलावरचे दिवस



आजच्या वाचनात गीतेचा पहिला अध्याय संपतो. अर्जुन धनुष्य टाकून रथात बसतो. इथे आलो की मला दरवेळी आमच्या पनवेलजवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके आठवतात.

जन्म १८४५ चा. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी, मनात दत्तभक्ती. आई आजारी पडली, रजा वेळेत मिळाली नाही, आई गेली. पुढे १८७६-७७ चा दुष्काळ त्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. शिकलेल्यांनी साथ दिली नाही. रामोशी आले, पण त्यातल्या अनेकांचं लक्ष लुटीकडेच, हे बघून ते पार खचले.

१८७९ मध्ये ते आंध्रातल्या श्रीशैल मल्लिकार्जुनाला गेले, देवाच्या चरणी देह ठेवायचा असं मनाशी ठरवूनच. बंडाची गोष्ट सांगताना आपण हे दिवस गाळतो. मला तर खरी गोष्ट इथेच दिसते. तिथे बसून त्यांनी आपली हकिगत लिहिली, आणि मग उठून परत माणसं जमवायला निघाले!

जुलैमध्ये पकडले गेले. जन्मठेप, एडनचा तुरुंग. तिथेही फेब्रुवारी १८८३ मध्ये कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उखडून पळाले. पुन्हा धरले गेले. मग अन्न सोडलं. १७ फेब्रुवारीला गेले. वय अवघं ३७.

उद्या दुसरा अध्याय.