विद्याप्रेमी नरेश श्रीमंत सयाजीराव गायकवाड

नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या लहानशा गावी ११ मार्च १८६३ रोजी जन्मलेले गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक आले. इंग्रज सरकारने मल्हाररावांना पदच्युत केल्यामुळे ती गादी रिक्त झाली होती. सरकार राज्य काढूनही घेऊ शकते, हा धडा सयाजीरावांना बालवयातच मिळाला. त्यांच्या पुढील सावधगिरीचे मूळ तेथेच असावे.

शिक्षणाच्या बाबतीत मात्र ते निर्भय होते. १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये राज्यभर त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. ब्रिटिश मुलखात तेव्हा असे कोठेही नव्हते.

वंगभंगानंतर स्वदेशी विचारांच्या शाळांवर सरकारची वक्रदृष्टी वळली. वंदे मातरम्‌च्या घोषामुळे केशव हेडगेवार यांना नागपुरातील नील सिटी शाळेस मुकावे लागले, तो हाच काळ. इकडे महाराजांचेच एक अधिकारी बॅरिस्टर केशवराव देशपांडे यांनी नर्मदाकाठी चांदोदजवळ गंगनाथ विद्यालय काढले. पुढे ते बडोद्यास आले. देशपांडे हे अरविंद घोष यांचे केंब्रिजमधील स्नेही! तेथे शिक्षकांना घरच्या नात्यांनी संबोधित; दत्तात्रेय कालेलकर ‘काकासाहेब’ झाले आणि विठ्ठलराव फडके ‘मामासाहेब’, ते येथेच.

१९०९ मध्ये व्हाइसरॉय मिंटो यांनी राजद्रोहाच्या बंदोबस्ताविषयी संस्थानिकांचे मत मागविले. महाराजांनी सहकार्याची ग्वाही दिली; परंतु अंतर्गत कारभारात राजांना मोकळीक असावी, हेही सौम्य शब्दांत सुचविले. डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहास मुजरा करण्यात उणीव राहिल्याचा गवगवा झाला व महाराजांना दिलगिरीचे पत्र लिहावे लागले. त्याच सुमारास सरकारी दडपणाखाली गंगनाथ विद्यालय बंद पडले.

महाराजांनी ते वाचवावयास हवे होते, असे म्हणणे आज सोपे आहे. पण एका विद्यालयासाठी गादी पणास लागती, तर गावोगावच्या शाळांचे भवितव्य रेसिडेंटच्या मर्जीवर राहिले असते. हा हिशेब कटू खरा, चुकीचा नव्हे. शिक्षकांच्या पदरी मात्र निराशा आली. काकासाहेब हिमालयाकडे निघून गेले.

पुढे १९१३ मध्ये महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर अमेरिकेस गेले. पाटणच्या जैन ज्ञानभांडारांतील हस्तलिखितांची पाहणी चिमणलाल दलाल यांनी महाराजांच्याच आज्ञेने केली आणि १९१६ पासून गायकवाड प्राच्य ग्रंथमाला निघू लागली. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत महाराजांचे देहावसान झाले.