रॉबर्ट अँगस स्मिथ

रॉबर्ट अँगस स्मिथ (१५ फेब्रुवारी, १८१७ – १२ मे, १८८४) हे स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ होते. हवा व पावसाचे पाणी यांच्या रासायनिक अभ्यासाचा पाया त्यांनी घातला. ‘आम्लवर्षा’ ही संज्ञा त्यांच्याच नावाशी जोडली जाते.

जीवन

स्मिथ यांचा जन्म ग्लासगोजवळील पॉलकशॉज येथे झाला. त्यांनी धर्मोपदेशक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. परंतु ते रसायनशास्त्राकडे वळले. जर्मनीतील गीसेन येथे लीबिग यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि पुढे मँचेस्टरमध्ये स्थायिक झाले. कोळशाच्या धुराने काळवंडलेले हे शहरच त्यांची प्रयोगशाळा ठरले. १८५७ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले.

अल्कली कायदा

त्या काळी धुण्याचा सोडा लब्लांक पद्धतीने बनवीत. मिठावर सल्फ्यूरिक आम्लाची क्रिया केली की सोडियम सल्फेट उरे आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू धुराड्यांतून सुटे. त्याने आसपासची झाडे व पिके करपत. शेतकऱ्यांच्या वाट्याला नुकसान येई, पण अनेक कारखाने शेजारी असल्याने दोष कोणाचा हे न्यायालयात सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. १८६३ च्या अल्कली कायद्याने हा वायू किमान ९५ टक्के शोषून घेणे बंधनकारक केले. स्मिथ या कायद्याखालील पहिले निरीक्षक झाले व मृत्यूपर्यंत त्या पदावर राहिले. खटल्यांपेक्षा कारखानदारांना समजावण्यावर त्यांचा भर असे. या सौम्यपणावर टीका झाली. ती सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही.

पाऊस आणि समुद्राचे मीठ

१८५२ मध्येच त्यांनी मँचेस्टरच्या पावसातील आम्लता शहराच्या मध्याकडे वाढत जाते, हे दाखवले होते. १८७२ च्या ‘एअर अँड रेन’ या ग्रंथात त्यांनी ठिकठिकाणच्या पावसाची पृथक्करणे दिली. किनाऱ्यावरील पावसात समुद्री मिठातले क्लोराइड अधिक आढळे. आत जावे तसे क्लोराइडच्या तुलनेत सल्फेट वाढे. समुद्राच्या पाण्यात या दोहोंचे प्रमाण जवळपास ठरलेले असते. त्यामुळे जादा सल्फेट समुद्राचे नव्हे, हे उघड होते. शहरांत त्याचे मुख्य कारण कोळसा होता.

ही मोजपट्टी मात्र पूर्णपणे स्थिर नाही. लाटा फुटून हवेत उडालेल्या मिठाच्या कणांवर सल्फ्यूरिक व नायट्रिक आम्लांची क्रिया होते, हायड्रोक्लोरिक आम्ल वायुरूपाने निघून जाते आणि कणातील क्लोराइड घटते. कारखान्याच्या भट्टीत घडणारी क्रियाच इथे सागरावरील हवेत, भट्टीवाचून घडते. म्हणूनच पावसातील समुद्री अंश ठरवताना आज क्लोराइडपेक्षा सोडियमचा आधार अधिक घेतला जातो.

स्मिथ यांचा ग्रंथ दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कँडिनेव्हियातील तळी आम्लधर्मी होऊन मासे मरू लागले, तेव्हा संशोधक त्याकडे पुन्हा वळले.