बाबासाहेबांना मिळालेले नकार

मुलाखतीला गेलेला मुलगा घरी येतो, फाईल कपाटात टाकतो आणि कोणाशी बोलत नाही. काही दिवसांनी निवड न झाल्याचे पत्र येते. आपल्या प्रत्येक वस्तीत अशी घरे आहेत. त्या मुलाला आपण सांगतो, बाबासाहेब बघ, किती शिकले! पण एवढे शिकून आलेल्या बाबासाहेबांना नोकरीसाठी काय सोसावे लागले, हे आपण सांगत नाही. जयंतीच्या भाषणात कोलंबिया विद्यापीठ येते आणि लगेच संविधान येते. मधली वर्षे गाळली जातात. आजच्या सुशिक्षित बेकार तरुणाला नेमकी त्याच वर्षांची गरज आहे.

१९१७ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती संपली आणि बाबासाहेब लंडनचे शिक्षण अर्धवट ठेवून परतले. वय २६. करारानुसार बडोद्यात दहा वर्षे नोकरी करायची होती. नोकरी होती, पण राहायला जागा नव्हती. अस्पृश्याला कोणी घर देईना. शेवटी पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. कचेरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फाईली लांबून फेकत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना धर्मशाळेतून बाहेर काढले. दोन मित्रांकडे आसरा मागितला, एक हिंदू आणि एक ख्रिस्ती. दोघांनीही टाळले. कमाठी बागेत बसून त्यांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्याच जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणून वंदन करतो.

मुंबईत त्यांनी शिकवण्या केल्या. शेअर्सच्या व्यवहारात सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्लागार कोणत्या जातीचा हे कळताच गिऱ्हाईक येईनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची तात्पुरती नोकरी मिळाली, पगार ४५० रुपये. त्यांचे व्याख्यान ऐकायला इतर कॉलेजांचे विद्यार्थीही येऊ लागले. तरीही प्राध्यापकांच्या खोलीतल्या माठातले पाणी त्यांनी पिऊ नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतलीच. १९२० साली स्वतःची शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज एवढ्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले.

तिथे एक वेगळा नकार वाट पाहत होता. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ साली परीक्षकांनी फेरलेखनासाठी परत केला. ब्रिटिशांच्या चलन धोरणावरची त्यातली टीका झोंबली होती, असे सांगितले जाते. हातात पैसे नव्हते. बाबासाहेबांनी वाद घालत वर्ष घालवले नाही. मुंबईला येऊन प्रबंध नव्याने लिहिला, परत पाठवला आणि त्याच वर्षी तो मान्य झाला. निष्कर्ष त्यांनी सोडले नाहीत, मांडणी बदलली.

हा फरक तरुणांनी नीट समजून घ्यावा. प्रबंध परत आला तेव्हा नकार कामाला होता, म्हणून बाबासाहेब पुन्हा कामाला बसले. बडोद्यात नकार जातीला होता. तिथे त्यांनी स्वतःच्या लायकीवर शंका घेतली नाही. ती जागा सोडली आणि त्या व्यवस्थेविरुद्ध उभे राहिले.

१९२३ मध्ये त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. बॅरिस्टर असूनही सॉलिसिटर लोक काम देत नव्हते. मग त्यांनी खालच्या कोर्टांतली कामे घेतली. घर चालावे म्हणून १९२५ पासून बाटलीबॉय यांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. १९२६ मध्ये पुण्यात 'देशाचे दुश्मन' खटल्यात जवळकर, जेधे यांच्या बाजूने उभे राहून त्यांनी तो जिंकला. १९२८ मध्ये ते सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले आणि १९३५ मध्ये तिथेच प्राचार्य.

पुढे मसुदा समितीच्या अध्यक्षपदी बसलेला हा माणूस बडोद्याची ती कचेरी विसरलेला नव्हता. सरकारी नोकरीत समान संधी देणारे आणि जातीवरून डावलण्यास मनाई करणारे अनुच्छेद १६ आपल्या हातात आहे. मात्र ते राज्यसंस्थेला बांधते, खासगी कंपनीला नाही. आणि सरकारी संस्थांतही योग्य उमेदवार मिळाला नाही असा शेरा मारून राखीव जागा रिकाम्या ठेवल्या जातात, हेही आपण पाहतो.

म्हणून नकाराचे पत्र हाती आले की आधी स्वतःला विचारा, हा नकार कशाला आहे? तयारी कमी पडली असेल तर लाज कसली? बाबासाहेबांचाही प्रबंध परत आला होता. कमी भरून काढा, पुन्हा अर्ज करा. पण गुण असून डावलले असे वाटत असेल तर गप्प बसू नका आणि शिवीगाळही करू नका. जाहिरात, अर्जाची प्रत, पोच, सगळे कागद जपून ठेवा. सरकारी जागा असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली आपले गुण आणि निवडीचे निकष लेखी विचारा. मुदतीत दाद मागा. रागाने फाडलेले पत्र कोर्टात दाखवता येत नाही.

आमच्यासारख्या चार वकिलांनी महिन्यातून एक रविवार विहारात बसून या मुलांची पत्रे वाचली, तर पुष्कळ काम होईल. बाबासाहेबांच्या मागे शाहू महाराज होते, भथेना होते. आपल्या पोरांच्या मागे आपण नको का?

जय भीम!