ख्रिस्तसभेचे पहिले इतिहासकार : सिझेरियाचे बिशप युसेबियस



उजनीचे पाणी ओसरले, की इंदापूर तालुक्यातील पळसदेवच्या जुन्या मंदिराचे शिखर वर दिसू लागते. पाण्याखाली गेलेल्या गावाची ती खूण. ख्रिस्तसभेच्या पहिल्या तीनशे वर्षांचेही काहीसे असेच आहे. त्या काळातील कितीतरी ग्रंथ काळाच्या उदरात गडप झाले. पापियस व हेगेसिपस या जुन्या लेखकांचे ग्रंथ आज पूर्ण मिळत नाहीत. त्यांचे जे उतारे आपल्या हाती आहेत, त्यांतील बरेचसे एका माणसाने आपल्या ग्रंथात उतरवून ठेवले म्हणून उरले. तो माणूस म्हणजे बिशप युसेबियस.

युसेबियस यांचा जन्म इ. स. २६०च्या सुमारास झाला. त्यांची कर्मभूमी पॅलेस्टाईनमधील सिझेरिया हे बंदर. प्रेषितांच्या कृत्यांमधून हे गाव आपल्या परिचयाचे आहे. संत पेत्राने शताधिपती कर्नेल्यच्या घरी शुभवार्ता सांगितली ती येथेच आणि संत पौल दोन वर्षे कैदेत होता तोही येथेच. या गावात पॅम्फिलस नावाच्या विद्वान धर्मगुरूंनी मोठा ग्रंथसंग्रह उभा केला होता. पवित्र शास्त्राच्या हस्तलिखित प्रती ताडून पाहणे, चुका दुरुस्त करणे, नव्या प्रती तयार करणे हे काम तेथे चाले. युसेबियस तेथेच घडले. गुरूंवर त्यांचे एवढे प्रेम, की पुढे त्यांनी आपल्या नावाला पॅम्फिलस यांचे नाव जोडून घेतले.

इ. स. ३०३मध्ये सम्राट डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांविरुद्ध फर्मान काढले. चर्चेस पाडावीत, पवित्र ग्रंथ जाळावेत, असा हुकूम सुटला. भर बाजारात पवित्र शास्त्राच्या पोथ्या जळताना युसेबियस यांनी डोळ्यांनी पाहिल्या. ज्यांचे सारे आयुष्य पोथ्या जपण्यात गेले, त्यांना काय वाटले असेल! पुढे पॅम्फिलस यांना अटक झाली. त्यांच्या कैदेच्या काळात गुरुशिष्यांनी मिळून ओरिजेन या थोर विद्वानाच्या बाजूने एक ग्रंथ लिहिला. इ. स. ३१०मध्ये पॅम्फिलस यांनी रक्तसाक्ष दिली. युसेबियस वाचले. त्यांनी पॅलेस्टाईनमधील रक्तसाक्षींचा वृत्तान्त लिहिला आणि गुरूंचे चरित्रही तीन भागांत लिहिले. ते चरित्र मात्र आज उपलब्ध नाही.

इ. स. ३१३च्या सुमारास छळ थांबला आणि युसेबियस सिझेरियाचे बिशप झाले. त्यांचा दहा भागांचा ‘ख्रिस्तसभेचा इतिहास’ हा त्यांचा सर्वांत मोठा ठेवा. कोणत्या नगरीत कोणामागून कोण बिशप झाले, कोणी कोणता ग्रंथ लिहिला, कोणी विश्वासासाठी प्राण दिला, हे त्यांनी क्रमवार मांडले. आपल्याकडे महिपतींनी ‘भक्तविजय’ लिहून संतांच्या कथा गोळा केल्या. युसेबियस यांनीही माणसे गोळा केली. पण त्यांची एक सवय लक्षात घेण्याजोगी आहे. ते बऱ्याचदा मूळ पत्र वा उतारा जसाच्या तसा देतात आणि ऐकीव गोष्ट असेल तर ती ऐकीव आहे असे सांगतात.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस अलेक्झांड्रियाचे पँटेनस हे गुरू भारतापर्यंत गेले आणि संत बार्थोलोम्यूने मागे ठेवलेले संत मत्तयचे शुभवर्तमान त्यांना तेथे आढळले, ही हकिकत युसेबियस यांनीच नोंदली; पण असे सांगतात, एवढ्याच जबाबदारीवर. त्या काळी भारत हे नाव अरबस्तान वा इथिओपियाच्या किनाऱ्यालाही लावले जाई. काही अभ्यासक या हकिकतीचा संबंध आपल्या कल्याणशी जोडतात. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने ‘कल्लियाना’ येथे बिशप असल्याचे लिहिले आहे आणि ते कल्याणच, असे अनेकजण मानतात. तुमचा धर्म परका, असे कोणी म्हटले की प्रेषित कल्याणला आले होते असे छातीठोकपणे सांगण्याचा मोह होतो. युसेबियस यांनी जेवढे सांगितले तेवढेच आपण सांगावे. सत्याला आपल्या भरीची गरज नसते.

युसेबियस यांच्यातही उणिवा होत्या. आरियसच्या वादात त्यांची भूमिका डळमळीत होती. इ. स. ३२५च्या नायसिया धर्मपरिषदेत त्यांनी काहीसे चाचरतच विश्वासांगीकारावर सही केली. आपण मिस्सामध्ये म्हणतो त्या नायसियाच्या विश्वासांगीकाराचे मूळ त्या परिषदेत आहे. सम्राट कॉन्स्टंटाइनचे चरित्र लिहिताना त्यांनी स्तुतीचा वर्षाव केला. पण सम्राटाने इ. स. ३२६मध्ये आपला मुलगा क्रिस्पस याला ठार करविले, याविषयी एक अक्षर लिहिले नाही. आपण केवळ सम्राटाच्या भक्तीशी निगडित गोष्टी सांगणार, असे कारण त्यांनी दिले. इ. स. ३३९च्या सुमारास त्यांचे निधन झाले. आपल्या कॅथलिक संतांच्या यादीत त्यांचे नाव नाही. तरीही अनेक रक्तसाक्षींची नावे आपल्याला त्यांच्यामुळेच ठाऊक आहेत.

बायबलने दावीद राजाचे पाप झाकले नाही, पेत्राचा नकार झाकला नाही. चरित्रातून पाप वगळले, की क्षमाही वगळली जाते. मग देवाच्या कृपेने नेमके काय केले हे कळायचे कसे?

आमची एक विनंती आहे. स्नानसंस्काराच्या नोंदवहीत नाव, तारीख, आईवडील व धर्ममातापिता यांची नोंद असते. पहिल्या पिढीने विश्वास का स्वीकारला, त्यासाठी काय सोसले, भावकीत कोणी बोलणे टाकले, कोण पाठीशी उभे राहिले, हे त्यात नसते. ते आजीआजोबांना ठाऊक आहे आणि त्यांच्याबरोबरच ते जाईल. प्रत्येक कुटुंबाने एक वही घालावी. पाहिलेले पाहिलेले म्हणून लिहावे, ऐकलेले ऐकलेले म्हणून. घरातले भांडण, कोणाचे व्यसन, कोणाचे दुरावणे आणि परतणे हेही प्रेमाने लिहावे. सणासुदीला घरची मंडळी जमतील तेव्हा ते मुलांना वाचून दाखवावे.

प्रभू येशू आपल्या घरांत काय करत आला, हे आपल्या मुलांना कळो. प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

— आपले धर्मगुरू