कुलपं उघडणारा हॉब्ज

१९८७ साली मी एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत होतो. स्ट्राँगरूमच्या दाराला दोन किल्ल्या. एक माझ्याकडे, दुसरी हेडकॅशियरकडे. दोघं एकत्र आल्याशिवाय दार उघडायचं नाही, असा नियम. रात्री मी माझी किल्ली उशीखाली घेऊन झोपत असे. आमच्या सौ. तिला सवत म्हणत.

एका सोमवारी, नेमक्या पगाराच्या दिवशी, ते दार उघडेना. जिल्ह्याच्या गावाहून एक मिस्त्री एस.टी.नं आला. खांद्याला कापडी पिशवी. आम्हाला त्यानं बाहेर उभं केलं आणि पाऊण तासात दार उघडून दिलं. चहा घेतला, पैसे घेतले आणि दुपारच्या गाडीनं गेला. खोळंबलेली माणसं खूश झाली. मी आणि हेडकॅशियर मात्र एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. किती वेळ लागला हे नोंदवहीत लिहू नका, असं वरून सांगण्यात आलं. त्या रात्री उशीखालची किल्ली मला खुळखुळ्यासारखी वाटली.

निवृत्तीनंतर वाचनात अल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज हा अमेरिकन भेटला आणि तो मिस्त्री पुन्हा डोळ्यांपुढे उभा राहिला.

हॉब्जचा जन्म १८१२ सालचा, बोस्टनचा. त्यानं लहानपणापासून नाना उद्योग केले. काच कापण्याच्या कामात असताना दारांच्या काचेच्या मुठी बनवायची वेळ आली. मूठ बसवायची तर कुलपाशी गाठ पडणारच. तिथून त्याला कुलपांचा नाद लागला. पुढे न्यूयॉर्कच्या ‘डे अँड न्यूएल’ या कंपनीची बँकांसाठीची कुलपं तो विकू लागला. विकण्याची रीत मोठी नामी होती. बँकेत जायचं आणि साहेबांच्या देखत त्यांच्याच तिजोरीचं कुलूप किल्लीशिवाय उघडून दाखवायचं. मग नव्या कुलपाची ऑर्डर कुठे जाणार! आमच्या शाखेत असा गृहस्थ आला असता तर आम्ही आधी पोलिसांना फोन केला असता.

१८५१ साली लंडनला हाइड पार्कमध्ये क्रिस्टल पॅलेसचं जंगी प्रदर्शन भरलं. हॉब्ज आपलं कुलूप घेऊन तिथे पोहोचला. इंग्रजांचा तेव्हा चबच्या कुलपावर फार भरवसा. पोर्ट्‌समथच्या गोदीत खोट्या किल्ल्यांनी चोरी झाल्यावर सरकारनं न उघडणाऱ्या कुलपासाठी बक्षीस लावलं होतं, ते जेरेमाया चबनं १८१८ साली मिळवलं. गोदीतल्या एका कैद्यानं, जो मुळात कुलपं करणाराच होता, सुटकेच्या आशेनं दोन-तीन महिने झटापट केली आणि हात टेकले. या कुलपात एक पहारेकरी असे. खोट्या किल्लीनं आतली एखादी पाती जरुरीपेक्षा जास्त उचलली, की एक खटका पडायचा आणि कुलूप अडायचं. मालकानं आपली किल्ली लावली, की कोणीतरी हात लावला होता हे त्याला कळायचं.

२२ जुलै १८५१ रोजी वेस्टमिन्स्टर भागातल्या एका घरात, कागदपत्रांच्या स्ट्राँगरूमला लावलेलं असं कुलूप हॉब्जनं साक्षीदारांसमोर २५ मिनिटांत उघडलं. पुढच्या ७ मिनिटांत ते पुन्हा लावूनही दिलं.

युक्ती अशी : हातानं बनवलेल्या पात्या कधी अगदी तंतोतंत सारख्या नसतात. आतल्या बोल्टवर बेतानं दाब ठेवला, की एखादी पाती इतरांआधी अडते. ती हलकेच उचलून जागेवर आणायची, मग पुढची. कोणती पाती फाजील वर गेली, ते पहारेकरी खटकाच सांगत होता. राखणीचा कुत्रा चोरालाच वाट दाखवत होता म्हणा ना!

मग पिकाडिलीतलं ब्रामाचं कुलूप. दुकानाच्या खिडकीत कित्येक वर्षं पाटी होती : हे उघडणाऱ्याला २०० गिनी. हॉब्जला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले, पण पंचांसमक्ष त्यानं ते उघडलं. कंपनीनं कुरकुरत पैसे दिले. त्यांची कुरकूर मला अगदीच गैर वाटत नाही. सोळा दिवस निवांत बसू देणारी तिजोरी कोणत्या चोराला मिळणार? आणि हॉब्ज काही साधुसंत नव्हता. स्वतःचा माल खपवायला आलेला विक्रेता होता.

पण गवगवा झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. असली गुपितं उघड्यावर बोलावीत का? चोरांना शिकवणीच की ही! हॉब्जच्या माहितीवर आधारलेलं, चार्ल्स टॉमलिन्सननं संपादित केलेलं कुलपांवरचं पुस्तक १८५३ साली निघालं. त्यात या आक्षेपाला उत्तर आहे. चोर आपल्या धंद्यात तरबेज असतो, त्याला हे आधीच ठाऊक असतं. अंधारात राहतो तो पैसे मोजून कुलूप घेणारा सरळ माणूस. हे वाचताना मला ती आमची नोंदवही आठवली.

हॉब्जनं लंडनमध्येच कारखाना काढला, यंत्रावर कुलपं बनवली आणि बँक ऑफ इंग्लंडनंही त्याची कुलपं घेतली. त्याच दशकात तिकडे अमेरिकेत लायनस येल या तरुणानं ‘डे अँड न्यूएल’चं ते अजिंक्य कुलूप उघडून दाखवलं. हॉब्जच्याच वाटेनं जाऊन!

१८६० साली हॉब्ज मायदेशी परतला. पुढे ब्रिजपोर्टला बंदुकीची काडतुसं करणाऱ्या कारखान्याचा कारभार त्यानं बरीच वर्षं पाहिला आणि १८९१ साली तिथेच वारला.

आमच्या शाखेतलं दार मिस्त्रीनं तेलपाणी करून दिलं होतं. चार वर्षांनी माझी बदली झाली, तेव्हा नव्या अधिकाऱ्याच्या हातात मी किल्ली दिली आणि रजिस्टरवर त्याची सही घेतली. कुलूप तेच होतं.